अशनीतील जीवाश्म आणि वाचनाची शिस्त

एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला वाचककेंद्री समीक्षा शिकवताना दरवर्षी एक तास असा येतो, की वर्ग एकदम जागा होतो. संहितेला एकच एक अर्थ नसतो, अर्थ वाचनाच्या क्रियेत घडत जातो, हे मांडून झाले की विद्यार्थ्यांना एक प्रकारची मोकळीक वाटू लागते. गेल्या वर्षी त्या मोकळिकीच्या भरात एका विद्यार्थ्याने विचारले, “मॅडम, मग विज्ञानाचंही असंच ना? मंगळावरून आलेल्या दगडात जीवाश्म सापडले असं आधी सांगितलं, मग तसं काही नाही म्हणाले. दगड तोच, वाचन बदललं. म्हणजे तिथेही शेवटी सगळं अर्थनिर्णयनच.” वर्गाने माना डोलावल्या. मी काहीतरी सावध उत्तर दिले. घंटा झाली म्हणून सुटले, हे मात्र मला पुरते ठाऊक होते.

उत्तर देणे अवघड का गेले, याचेही कारण आहे. १९९६च्या ऑगस्टमध्ये ही बातमी आली तेव्हा मी अकरावीत होते. वर्तमानपत्रातले कात्रण मी वहीत चिकटवले होते. करड्या पार्श्वभूमीवर एक अळीसारखी, खंडाखंडांची आकृती, आणि वर ‘मंगळावर जीवसृष्टी’ अशा अर्थाचा मथळा. त्या कात्रणाच्या पुढे काय घडले, हे मी नंतर कित्येक वर्षे पाहिलेच नाही. पुढे कोणीतरी सांगितले की ते सगळे खोटे ठरले, आणि मी तेही तितक्याच सहजपणे मानले. पहिल्या वेळी मी भाबडी होते आणि दुसऱ्या वेळी शहाणी झाले असे नाही. दोन्ही वेळा मी काहीच वाचले नव्हते. साहित्याच्या आपल्या क्षेत्रात विज्ञानाविषयी जे बोलले जाते, त्यातले बरेचसे या दोन कात्रणांच्या मधल्या पोकळीतून आलेले असते, असे मला वाटते. म्हणून ती पोकळी भरून पाहण्याचा हा प्रयत्न.

प्रथम दगडाविषयी. २७ डिसेंबर १९८४ रोजी अंटार्क्टिकातील ॲलन हिल्स या भागात अशनी शोधणाऱ्या अमेरिकी पथकाला तो बर्फावर सापडला. वजन दोन किलोंहून किंचित कमी. स्थळ, वर्ष आणि अनुक्रम यांवरून त्याला ‘एएलएच ८४००१’ असे नाव मिळाले. सुरुवातीला त्याचे वर्गीकरणच चुकले. एका लघुग्रहापासून आलेल्या अशनींच्या गटात तो जमा झाला आणि १९९३पर्यंत तेथेच राहिला. तो मंगळाचा आहे हे त्यानंतर उमगले. मंगळावरचे दगड ओळखता येतात यामागे व्हायकिंग यानांची कामगिरी आहे. त्यांनी १९७६ साली मंगळाच्या वातावरणातील वायूंचे प्रमाण मोजले, आणि १९८३ साली अंटार्क्टिकातील दुसऱ्या एका अशनीच्या काचेत अडकलेला वायू त्याच प्रमाणाचा निघाला. त्या अशनीचे गोत्र ज्या नावाने ओळखले जाते ते नाव आपल्याकडचे आहे. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमधील शेरघाटी येथे पडलेल्या दगडावरून या गटाला ‘शेरगॉटाइट’ म्हणतात. ॲलन हिल्सचा दगड मात्र या गटाहून फार जुना. आजच्या अंदाजाप्रमाणे तो सुमारे ४.१ अब्ज वर्षांपूर्वी घडला, सुमारे १ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी कशाच्या तरी आघाताने मंगळावरून उडाला, आणि सुमारे १३ हजार वर्षांपूर्वी पृथ्वीवर पडला. या शेवटच्या आकड्याकडे वाचकांनी लक्ष ठेवावे. पुढच्या वादाची गुरुकिल्ली त्यातच आहे.

डेव्हिड मॅके आणि त्यांचे सहकारी यांचा निबंध ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या १६ ऑगस्ट १९९६च्या अंकात आला. त्याआधीच, ७ ऑगस्टला, पत्रकार परिषद झाली आणि राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर निवेदन केले. वहीतले माझे कात्रण त्या निवेदनाच्या उजेडातले होते. निबंध बराच संयत आहे. त्यात मुख्यतः चार गोष्टी मांडल्या आहेत. दगडाच्या भेगांमध्ये कार्बोनेट खनिजाचे बारीक गोलक आहेत, म्हणजे तेथे कधीकाळी पाणी झिरपले होते. त्या गोलकांच्या आसपास कार्बनची वलयाकार संयुगे आहेत. त्यांच्या कडांवर मॅग्नेटाइटचे अतिसूक्ष्म स्फटिक आहेत, आणि तसे स्फटिक पृथ्वीवरील काही जिवाणू आपल्या शरीरात तयार करतात. शेवटी, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणूंसारखे दिसणारे लांबट आकार आहेत. यांतील प्रत्येक गोष्टीचा जीवसृष्टीखेरीज दुसरा खुलासा संभवतो, हे लेखकांनी स्वतःच मान्य केले. त्यांचे म्हणणे एवढेच, की चारही गोष्टी एकाच ठिकाणी, एकमेकींना लागून सापडतात तेव्हा प्राचीन जीवसृष्टी हा सर्वांत सरळ निष्कर्ष ठरतो.

मराठीच्या विद्यार्थ्याला हा युक्तिवाद परका वाटू नये. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘भारद्वाज’ या टोपणनावाने ज्ञानेश्वरीकार आणि अभंगकार ज्ञानदेव हे दोन वेगळे पुरुष असल्याचा वाद उभा केला गेला, तो याच घाटाचा होता. अभंगांची भाषा ज्ञानेश्वरीच्या भाषेपेक्षा अर्वाचीन वाटते; अभंगांत विठ्ठल ठायी ठायी आहे, ज्ञानेश्वरीत तो तसा नाही. सुटी घेतली तर यांतली कोणतीही गोष्ट निर्णायक नाही, पण एकत्र केल्या तर त्यांचे वजन वाढते. या वादाला जी उत्तरे दिली गेली त्यांचीही रीत लक्षात घेण्यासारखी आहे. अभंग मुखोद्गत परंपरेतून आले, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या त्यांची भाषा बदलत गेली. गीतेवरील टीका आणि भक्तिपर पद या दोहोंची प्रयोजनेच वेगळी, म्हणून देवताही वेगळ्या रीतीने येणार. म्हणजे एकेका धाग्याचा स्वतंत्र खुलासा झाला की दोराचा पीळ सैल होतो. ‘सगळे मिळून’ हा युक्तिवाद बळकट केव्हा असतो? प्रत्येक धागा दुसऱ्यापासून स्वतंत्र असेल, आणि प्रत्येकाचा पर्यायी खुलासा ओढूनताणून करावा लागत असेल, तेव्हा. चार दुबळे पुरावे केवळ शेजारी ठेवले म्हणून सबळ होत नाहीत.

ॲलन हिल्सच्या दगडाच्या बाबतीत पुढच्या काही वर्षांत झाले ते हेच. लांबट आकारांची गोष्ट सर्वांत आधी ढासळली. त्यांतील अनेकांची लांबी वीस ते शंभर नॅनोमीटर एवढीच होती. एखादा स्वतंत्र जीव किती लहान असू शकतो, हे ठरविण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १९९८ साली तज्ज्ञांची बैठक घेतली. आपण जाणतो तशा जीवनाची यंत्रणा मावायला सुमारे दोनशे नॅनोमीटर व्यासाची पेशी हवी, असा तिचा सूर होता. त्याआधी १९९७ साली दुसऱ्या एका गटाने दाखवून दिले होते की यांतले बरेच आकार म्हणजे खनिजांच्या पापुद्र्यांच्या कडा आहेत, आणि सूक्ष्मदर्शकासाठी नमुन्यावर धातूचा जो पातळ मुलामा द्यावा लागतो त्यामुळे ते खंडाखंडांचे भासतात. माझ्या कात्रणातील अळीचे ते मणके कदाचित पाहण्याच्या साधनानेच तिला दिले असतील.

कार्बनी संयुगांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होता, कारण तेथे ते १३ हजार वर्षांचे अंटार्क्टिकातील वास्तव्य आडवे आले. मूळ लेखकांना याची जाणीव होती. ही संयुगे दगडाच्या पृष्ठापेक्षा आत अधिक आहेत, म्हणून ती बाहेरून शिरलेली नाहीत, असे त्यांनी म्हटले होते. १९९८ साली दोन गटांनी आपापल्या पद्धतीने तपास केला. एकाला दगडातील बहुतेक सेंद्रिय द्रव्यात कार्बन-१४ सापडला. कार्बनचे हे किरणोत्सारी रूप काही हजार वर्षांत निम्मे होत जाते, त्यामुळे कोट्यवधी वर्षांच्या द्रव्यात ते उरणेच शक्य नाही. दुसऱ्या गटाला दगडातील अमिनो आम्ले अंटार्क्टिकाच्या बर्फातील अमिनो आम्लांशी जुळणारी आढळली. म्हणजे दगडात पृथ्वीचा शिरकाव झालेला होता. जो थोडा भाग मंगळाचाच होता, त्याबद्दल २०२२ साली ‘सायन्स’मध्येच निबंध आला: पाणी आणि खडक यांच्यातील साध्या रासायनिक क्रियांनी तशी संयुगे तयार होऊ शकतात, जीवांची गरज नाही. मॅग्नेटाइटच्या स्फटिकांवर वाद सर्वांत लांबला. तसे स्फटिक लोहयुक्त कार्बोनेट तापविल्यानेही मिळतात, असे प्रयोगशाळेत दाखविले गेले. मॅके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला उत्तरे दिली, आणि मॅके २०१३ साली निवर्तले तोवर आपल्या मताचा त्याग त्यांनी केला नव्हता.

येथे एक गोष्ट नोंदविणे न्यायाचे होईल. तपासाचे निकाल सगळेच मॅके यांच्या विरुद्ध गेले नाहीत. कार्बोनेटचे गोलक साडेसहाशे अंशांहूनही अधिक तापमानात झाले असावेत, असे १९९६ सालीच काहींनी म्हटले होते. ते खरे असते तर जीवसृष्टीचा प्रश्नच मिटला असता. पण २०११ साली झालेल्या मोजणीत ते तापमान सुमारे अठरा अंश सेल्सिअस निघाले. या मुद्द्यावर मूळ लेखक बरोबर होते. ज्या प्रक्रियेने त्यांचे तीन धागे सैल केले तिनेच एक घट्ट केला, आणि ही प्रक्रिया केवळ मतांच्या लाटेवर चालत नाही याची मला तरी एवढी खूण पुरेशी वाटते.

अशनीत जीव पाहण्याचा इतिहास याहून खूप मागे जातो. १८८० साली ओटो हान या जर्मन वकिलाने अशनींच्या पातळ कापांची छायाचित्रे असलेला ग्रंथ काढला, आणि त्यात त्याला स्पंज, प्रवाळ, समुद्रकमळे असे सारे दिसले. सूर्यमालेच्या आरंभी वितळून थिजलेल्या खनिजांचे ते गोळे होते. साम्य होते, आणि साम्यापलीकडे काही नव्हते.

पण या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण ओर्गेयच्या अशनीचे. दक्षिण फ्रान्समधील या गावाजवळ १४ मे १८६४ रोजी दगडांचा वर्षाव झाला. त्याच्या सुमारे पाच आठवडे आधी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी निर्जीवातून सजीव आपोआप उपजत नाही हे प्रतिपादणारे आपले गाजलेले व्याख्यान दिले होते. वातावरण त्या वादाने तापलेले होते. १९६१ साली जॉर्ज क्लाउस आणि बर्थोलोम्यू नागी यांनी याच अशनीत सूक्ष्म ‘संघटित घटक’, म्हणजे जीवाश्मांसारख्या आकृती, सापडल्याचे जाहीर केले. मग तपास सुरू झाला. त्यांतील काही आकृती गवताळ वनस्पतींच्या परागकणांच्या निघाल्या, काही खनिजांच्या. आणि या तपासाच्या ओघात १९६४ साली एक विलक्षण गोष्ट उघड झाली. माँतोबाँ येथील संग्रहालयात १८६४पासून काचेच्या बरणीत बंद असलेल्या एका तुकड्यात पाणगवताच्या बिया होत्या, कोळशाचे कण होते आणि हे सारे डिंकासारख्या पदार्थाने जोडून वर अशनीचे कवच असल्याचा आभास निर्माण केला होता. कोणीतरी मुद्दाम बनाव रचला होता. पाश्चरवादात कोणाला तरी फसविण्याचा हा डाव असावा, असा तर्क आहे. डाव रचणारा कोण हे कळलेले नाही. तो ज्यांच्यासाठी होता त्यांनी बरणी उघडलीच नाही, आणि शंभर वर्षे थट्टा तशीच पडून राहिली.

आपल्या परिभाषेत याला प्रक्षेप म्हणावे लागेल. प्रक्षेपाचे दोन प्रकार आपल्याला ठाऊक आहेत. एक कोणी हेतुतः घातलेला, आणि दुसरा नकला करता करता, समासातले संहितेत येऊन, नकळत झालेला. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली तेव्हा त्यांच्यापुढे दोन्ही प्रकार होते. ते काम त्यांनी ज्ञानेश्वरीवरील प्रेमापोटी केले. शुद्धीकरण म्हणजे अश्रद्धा नव्हे, हे या परंपरेत वाढलेल्या आपल्याला वेगळे सांगायला नको. माँतोबाँची बरणी हा पहिल्या प्रकारचा प्रक्षेप, आणि अंटार्क्टिकाच्या बर्फातून दगडात उतरलेली अमिनो आम्ले हा दुसऱ्या प्रकारचा. अशनीत जीवाश्म सापडल्याचा दावा पुढे आला की पहिला प्रश्न पाठनिश्चितीचा असायला हवा: हे द्रव्य मुळातले आहे काय? अर्थाचा प्रश्न त्यानंतरचा.

हा क्रम पाळला नाही की काय होते, याची उदाहरणे अलीकडचीही आहेत. २०११ साली रिचर्ड हूवर यांनी ओर्गेयसारख्याच अशनींत सायनोबॅक्टेरियांच्या तंतूंचे जीवाश्म असल्याचे मांडले. या जातीचे दगड अतिशय ठिसूळ, सच्छिद्र, आणि शंभराहून अधिक वर्षे माणसांच्या हाताळणीत राहिलेले. आधार मुख्यतः आकारसाम्याचा. हूवर नासातले, तरी नासाने या दाव्यापासून स्वतःला दूर ठेवले. २०१२च्या डिसेंबरअखेर श्रीलंकेत पोलोन्नरुवाजवळ पडलेल्या म्हणून गोळा केलेल्या दगडांत डायाटम नावाच्या शैवालांची कवचे असल्याचे चंद्रा विक्रमसिंघे आणि सहकाऱ्यांनी पुढच्याच महिन्यात जाहीर केले. डायाटम खरेच होते, त्याबद्दल वाद नाही. पण ते गोड्या पाण्यातले, पृथ्वीवर सर्रास आढळणारे निघाले, आणि मुळात तो दगड अशनी आहे हेच पुरेसे सिद्ध झालेले नव्हते.

विक्रमसिंघे आणि फ्रेड हॉईल यांच्या विचारपरंपरेशी जवळचे नाते असलेले आपले जयंत नारळीकर (निधन २० मे २०२५) यांचे उदाहरण याच संदर्भात पाहण्यासारखे आहे. त्यांच्या पुढाकाराने २००१ आणि २००५ साली हैदराबादहून फुगे सोडून २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने आणले गेले. त्यांत जिवाणू सापडले, आणि तीन प्रजाती नव्या ठरल्या. पैकी एकीला हॉईल यांचे नाव दिले गेले. गुरूच्या सिद्धान्ताला अनुकूल असा हा निष्कर्ष. तरीही २००९ साली इस्रोने केलेल्या जाहीर निवेदनात हे जीव पृथ्वीबाहेरचे आहेत असे यातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही, हे स्पष्ट म्हटलेले होते. नारळीकरांनी आपली ‘कृष्णविवर’ ही कथा १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावाने पाठविली होती, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेल. आपल्या नावाचे वजन निर्णयावर पडू नये, ही त्यामागची इच्छा. त्या कृतीतले आणि या संयमातले साम्य मला योगायोगाचे वाटत नाही.

१९९६च्या पत्रकार परिषदेत शंका मांडण्यासाठी विल्यम शॉफ यांना बोलावले होते. दावा जेवढा असाधारण तेवढा पुरावाही असाधारण हवा, या कार्ल सेगन यांच्या सूत्राची त्यांनी आठवण दिली. शॉफ यांची स्वतःची ख्याती ऑस्ट्रेलियातील सुमारे साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीच्या खडकांतील सूक्ष्मजीवाश्मांवर उभी होती. २००२ साली मार्टिन ब्रेझियर यांनी त्या जीवाश्मांनाच आव्हान दिले. शंका घेणाऱ्यालाही त्याच कसोटीतून जावे लागले. मॅके यांच्या निबंधाकडे मी आज आदराने पाहते तेही याच कारणाने. आपले म्हणणे कोठे तुटू शकेल हे त्यांनी स्वतः दाखवून ठेवले, आणि दगडाचे तुकडे विरोधकांनाही अभ्यासता आले. चुकीच्या ठरलेल्या, पण इतक्या मोकळेपणाने मांडलेल्या दाव्याने पुढच्या पिढीच्या कसोट्या घडविल्या. नासातील शास्त्रज्ञांनी २०२१ साली जीवशोधाच्या दाव्यांसाठी सात पायऱ्यांची श्रेणी सुचविली. तिच्या पहिल्या पायरीवर केवळ संभाव्य खूण मिळते आणि दुसरीवर शिरकावाची शक्यता दूर करावी लागते. जीवविरहित खुलाशांची पाळी चौथ्या पायरीवर येते. २०२५च्या सप्टेंबरमध्ये पर्सिव्हिअरन्स यानाने पाहिलेल्या ‘चेयावा फॉल्स’ या ठिपकेदार खडकाविषयी ‘नेचर’मध्ये निबंध आला तेव्हा त्यात ‘संभाव्य जैवखूण’ एवढेच शब्द होते. त्याचा नमुना अजून मंगळावरच आहे. आणि नमुना हाती आला तरी काम सोपे होत नाही. जपानी यानाने रियुगू या लघुग्रहावरून बंद कुपीतून आणलेल्या मातीच्या एका कणावर, एवढी काळजी घेऊनही, पृथ्वीचे जिवाणू वाढल्याचे २०२४ साली दिसून आले.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे. विज्ञानात अर्थनिर्णयन असते, हे त्याचे म्हणणे खरेच आहे. खनिजाच्या कडेत अळी दिसणे हे वाचनच होते. पण ‘दगड तोच, वाचन बदलले’ यातला पहिला भाग मला मान्य नाही. मधल्या काळात तो दगड कापला गेला, विरघळविला गेला, त्यातला कार्बन-१४ मोजला गेला, कार्बोनेटचे तापमान काढले गेले. १९९६ साली तो जेवढे सांगत होता त्याहून खूप अधिक तो २०२२ साली सांगत होता, आणि त्यातले काही दोन्ही पक्षांना गैरसोयीचे होते. वाचन बदलले, कारण संहिता वाढली. अनेक वाचने शक्य असणे आणि कोणतेही वाचन चालणे यांत जो फरक आहे, तो साहित्यातही तेवढाच खरा आहे. वाचककेंद्री समीक्षा शिकविताना तो सांगायला मी कमी पडते, हे मला त्या तासाला उमगले. संहितेच्या पाठनिश्चितीचा तास आणि अर्थबहुलतेचा तास आपण वेगवेगळ्या सत्रांत घेतो. विद्यार्थी पहिला विसरून दुसऱ्याला येतो, आणि त्याला मोकळीक तेवढी मिळते.

यंदा तो तास घेताना ‘दोन ज्ञानदेवां’चा वाद आणि ॲलन हिल्सचा दगड मी शेजारी शेजारी ठेवणार आहे. वहीतले ते पिवळे पडलेले कात्रण वर्गात न्यायचे आहे, आणि त्याच्याबरोबर १९९७, १९९८, २०११ आणि २०२२ या वर्षी त्या दगडाविषयी काय कळले याची एक पानाची टिपणीही. मुलांनी आधी कात्रण वाचावे, मग टिपणी, आणि मग सांगावे की त्यांचे वाचन कोणत्या ओळीपाशी बदलले.